स्फोटकांच्या सूक्ष्म अवशेषांचा अवरक्त शोध

स्फोटके हाताळणाऱ्याच्या बोटांवरून बॅगेच्या मुठीला, गाडीच्या दाराला किंवा मोबाइलला लागलेले, डोळ्यांना न दिसणारे कण अवरक्त प्रकाशाच्या शोषणावरून ओळखण्याची पद्धत. आरडीएक्स या स्फोटकाच्या १० मायक्रोमीटर व्यासाच्या कणाचे वजन जेमतेम १ नॅनोग्रॅम भरते. हवेचा नमुना घेऊन येथे फारसे भागत नाही, कारण आरडीएक्स आणि पीईटीएन या स्फोटकांची नेहमीच्या तापमानाला वाफ जवळजवळ होतच नाही. त्यामुळे पृष्ठभागच तपासावा लागतो. टीएटीपी या स्फोटकाचे उलटे आहे : ते आपणहून उडून जाते, म्हणून तपासणीला उशीर झाला तर हाती काहीच लागत नाही.

रेणूंमधील बंध ठरावीक कंप्रतेने थरथरतात आणि त्याच कंप्रतेचा अवरक्त प्रकाश शोषून घेतात. बहुतेक लष्करी स्फोटकांत नायट्रो गट (एक नायट्रोजन व दोन ऑक्सिजन अणूंचा) असतो व त्याचे दोन ठळक शोषणपट्टे दिसतात. टीएनटीत ते दर सेंटिमीटरला सुमारे १५४० आणि १३५० या तरंगसंख्यांजवळ (तरंगसंख्या म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये बसणाऱ्या तरंगांची संख्या) पडतात, तर पीईटीएनमध्ये १६५० आणि १२८० च्या आसपास. गट ज्या अणूला जोडलेला असतो त्याप्रमाणे पट्टे सरकतात व त्यावरून स्फोटकाचा वर्ग कळतो. टीएटीपीत नायट्रोजनच नाही. तेथे कार्बन-ऑक्सिजन बंधांच्या पट्ट्यांवर विसंबावे लागते.

इथवर सगळे पाठ्यपुस्तकातले. खरी अडचण कण ज्यावर बसला आहे त्या पृष्ठभागाची असते. चकचकीत धातूवर काम सोपे जाते : प्रकाश कणातून जातो, धातूवरून परततो आणि पुन्हा कणातून बाहेर येतो, म्हणून शोषण दुप्पट होते. गाडीच्या रंगाला मात्र स्वतःचाच भरगच्च वर्णपट (शोषणपट्ट्यांचा आलेख) असतो. पॉलिएस्टरचे कापड १७२० जवळ जोरदार शोषण करते, काच १००० ते ११०० च्या पट्ट्यात आरशासारखी चमकते आणि बोटांचा तेलकटपणाही आपले पट्टे घालतो. शिवाय कणाचा आकार व अवरक्त तरंगलांबी साधारण सारख्याच असल्याने प्रकाश विखुरतो; पट्टे वाकडे होतात, कधी सरकतात, तर कधी खड्ड्याऐवजी उंचवटा दिसतो. त्यामुळे शुद्ध पदार्थाच्या संग्रहातील वर्णपटाशी नुसती तुलना करून निर्णय देणे धोक्याचे. पार्श्वभूमीचा वर्णपट वेगळा काढून मगच जुळवणी करावी लागते.

प्रयोगशाळेत फूर्ये रूपांतर वर्णपटमापकाला (सर्व तरंगलांबींचे शोषण एकदम मोजणाऱ्या उपकरणाला) सूक्ष्मदर्शक जोडून एकेक कण तपासता येतो, किंवा नमुना हिऱ्याच्या स्फटिकावर दाबून धरतात. दुरून तपासण्यासाठी अशा उपकरणातील तापलेल्या दांड्याचा मंद अवरक्त प्रकाश पुरत नाही. १९९४ साली बेल प्रयोगशाळेत फेडेरिको कपासो, जेरोम फाइस्ट व सहकाऱ्यांनी क्वांटम कॅस्केड लेसर (अवरक्त प्रकाश देणारा अर्धवाहक लेसर) दाखवला, त्यातून तरंगलांबी बदलता येणारा प्रखर स्रोत मिळण्याची वाट खुली झाली. असा किरण पृष्ठभागावर टाकून परावर्तित प्रकाशाची चित्रे एकेका तरंगलांबीला घेतली, तर स्फोटकाचे ठिपके चित्रात उठून दिसतात. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने दुसरी वाट धरली : लेसरने कण किंचित तापवायचा आणि उष्णता-कॅमेऱ्याने तो तापलेला पाहायचा. अंतर वाढले की हवेतील बाष्प आड येते. टीएनटीचे दोन्ही ठळक पट्टे नेमके बाष्पाच्या शोषणक्षेत्रात येतात, म्हणून दुरून पाहताना ८ ते १४ मायक्रोमीटरच्या खिडकीतील किंवा तिच्या काठावरील पट्ट्यांना जास्त महत्त्व मिळते.

विमानतळावर बॅगेवरून फडके फिरवून केलेली तपासणी सहसा आयन चलनशीलता वर्णपटमितीने (विद्युतभारित रेणू विद्युतक्षेत्रात किती वेगाने सरकतात हे मोजून) होते. ती सूक्ष्म प्रमाणाला अधिक संवेदनशील आणि झटपट असते. अवरक्त पद्धतीचे बळ नमुना न उचलता, न नासवता ओळखण्यात आहे. पुण्याच्या उच्च ऊर्जा द्रव्य संशोधन प्रयोगशाळेने बनवलेला स्फोटक ओळख संच तर रंगबदलावर चालतो; त्याला वर्णपटमापक लागत नाही. न्यायालयात टिकेल असा निष्कर्ष हवा असेल तर या प्राथमिक चाचण्यांनंतर वस्तुमान वर्णपटमितीसारख्या (रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या) वेगळ्या तत्त्वावरील पद्धतीने खातरजमा करतात.