क्षेत्रकार्य (समाजकार्य शिक्षण)

समाजकार्याच्या विद्यार्थ्याने वस्ती, रुग्णालय, शाळा, न्यायालय किंवा तुरुंग अशा ठिकाणी पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचे प्रत्यक्ष काम. बोलण्यात सगळे त्याला फील्डवर्कच म्हणतात. समाजकार्याचे विद्यालय शहराच्या उपयोगी पडते ते मुख्यतः याच वाटेने.

मुंबईत आधी वस्ती आली, मग वर्ग. अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट नागपाड्यात नेबरहूड हाऊस (वस्तीतल्या लोकांसाठीचे सेवाकेंद्र) चालवत होते. त्या कामाच्या अनुभवातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभे राहिले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस). हे नाव १९४४ चे, अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९६४ चा. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेले निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय १९५५ पासून चालू आहे.

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) दोन वर्षांत आठवड्याचे साधारण दोन दिवस क्षेत्रात जातात. सुरुवातीला वेगवेगळ्या संस्थांना भेटी, मग एका संस्थेत नेमणूक. प्रत्येक दिवसाची नोंद लिहायची आणि दर आठवड्याला ती पर्यवेक्षकासमोर ठेवायची. खरे शिक्षण या नोंदीवरच्या चर्चेत होते. विद्यार्थी लिहितो, ‘कुटुंब सहकार्य करत नाही.’ पर्यवेक्षक विचारतो, नेमके काय घडले? कळते ते इतकेच, की दार उघडले नाही, कारण घरातली बाई रात्रपाळी करून झोपली होती. म्हणून पाहिलेले, ऐकलेले आणि आपल्याला वाटलेले वेगवेगळे लिहायचे असते. दोन दिवसांनी आठवून लिहिलेल्या नोंदीत हा फरक हमखास पुसला जातो.

रुग्णालयात काम समाजसेवा अधीक्षकांसोबत (रुग्णालयातले समाजकार्यकर्ते) चालते. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. पण बाहेरगावाहून आलेल्या नातेवाइकाला हे ठाऊक नसते. रेशनकार्ड गावी राहिलेले, उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आणायचा, आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी कोणता कागद चालेल हे रुग्णालयात आधी विचारून घेणे आणि सगळी यादी एकदाच हातात देणे, एवढ्यानेही दोन खेपा वाचतात. नवखा विद्यार्थी दयेपोटी अर्ज स्वतःच भरून टाकतो. मग पुढच्या तपासणीला ते कुटुंब पुन्हा तिथेच अडते. अर्ज नातेवाइकाकडून भरून घ्यावा, आपण शेजारी बसावे.

वस्तीतले काम याहून अवघड. गोवंडी, मानखुर्दच्या गल्ल्यांत पाणी, जन्मदाखला, शाळाप्रवेश हे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळतात, आणि विद्यार्थी मात्र परीक्षा जवळ आली की निघून जातो. नवे वर्ष सुरू झाले की नवा चेहरा येतो, तेच सर्वेक्षण, तेच प्रश्न. लोक वैतागतात आणि त्यांचे वैतागणे रास्त आहे. यावर दोन उपाय खरोखर चालतात: आपण किती महिने आहोत हे पहिल्याच भेटीत सांगणे, आणि प्रत्येक अपुऱ्या प्रकरणाची अर्ज क्रमांक, तारीख व पुढची पायरी यांसह यादी संस्थेच्या कायम कार्यकर्त्याकडे सोपवणे. यादी कॉलेजच्या फाइलमध्ये राहिली तर वस्तीला तिचा काही उपयोग नाही.

एकच अडचण वारंवार दिसू लागली की ती एकेका विद्यार्थ्याच्या आवाक्यात राहत नाही. तेव्हा विद्यालय स्वतःचा क्षेत्रीय कृती प्रकल्प उभारते. टिसने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या व्यवस्थेत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मारहाण झालेली बाई पोलिसांकडे येतेच, तर प्रशिक्षित समाजकार्यकर्ती तिथेच असावी, हा त्यामागचा साधा, अचूक विचार. कैदी आणि सुटून आलेल्यांसाठी १९९० मध्ये ‘प्रयास’ आला. १९९६ मध्ये संकटातील मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन (दूरध्वनीवरची मदतसेवा) मुंबईत सुरू झाली आणि पुढे देशभर पोहोचली.

असे प्रकल्प अखेर सरकारने चालवावेत, हे योग्यच. विद्यापीठाच्या तात्पुरत्या निधीवर कायमची सेवा टिकत नाही. पण हस्तांतरात पदे आणि जागा यांचा हिशेब होतो, पर्यवेक्षणाचा राहून जातो. मग कार्यकर्ती खुर्चीवर असते, मात्र अवघड प्रकरण कोणासमोर मांडायचे हे ठरलेले नसते, आणि समझोता लावून प्रकरण बंद करण्याकडे कल वाढतो. म्हणून हस्तांतराच्या करारातच साप्ताहिक प्रकरण-चर्चेचा वेळ आणि तिची जबाबदारी कोणाची, हे लिहून घ्यावे लागते.