बारकी मासळी आणि शकुंतला थिल्स्टेड

बांगलादेशात तळ्यात रोहू-कटल्याचं मत्स्यबीज सोडायचं, तर आधी पाण्यात विषारी औषध टाकून तिथली बारकी मासळी मारून टाकायची, अशी पद्धत होती. ती मोठ्या माशांचं खाद्य खाऊन टाकते, असा समज. या मारल्या जाणाऱ्या मासळीत मोला नावाचा बोटाएवढा मासाही असे. त्याची खरी किंमत जगाला पटवून दिली डॉ. शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड यांनी.

थिल्स्टेड यांचा जन्म 1949 सालचा, त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या कुटुंबातला. टोबॅगोच्या शेती व मत्स्य खात्यात त्या नोकरीला होत्या, तेव्हा त्या कार्यालयात दुसरी स्त्री नव्हती. पुढे डेन्मार्कमध्ये त्यांनी पोषणशास्त्रात डॉक्टरेट केली आणि 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ढाक्यात कुपोषित मुलांसाठी काम सुरू केलं. तिथल्या खेड्यांतल्या बायका त्यांना सांगत, ही बारकी मासळी खाल्ली की अंगात ताकद येते. थिल्स्टेड यांनी हे बोलणं मनावर घेतलं आणि मासळी थेट प्रयोगशाळेत नेली. मला त्यांच्या कामातलं हेच पाऊल सगळ्यात मोठं वाटतं.

तपासणीत निघालं ते थक्क करणारं होतं. 100 ग्रॅम मोलात 2,500 मायक्रोग्रॅमहून अधिक जीवनसत्त्व अ! लहान मुलाची रोजची गरज साधारण 400 मायक्रोग्रॅमची, आणि रोहूसारख्या माशात हे जीवनसत्त्व अगदीच थोडं. त्यातही मोलातला बहुतेक साठा डोळ्यांत आणि आतड्या-काळजात असतो. म्हणजे साफ करताना डोकं उडवलं, पोट काढलं, की नेमकं हवं तेच कचऱ्यात जातं. सबंध मासा काट्यासकट चावून खाल्ला तर कॅल्शियम, लोह आणि जस्तही मिळतं.

मग प्रश्न उरला तळ्याचा. थिल्स्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोहू-कटल्यासोबतच मोला वाढवून पाहिला. मोठ्या माशांचं उत्पादन घटलं नाही. मोला तळ्यातच वर्षातून अनेकदा अंडी घालतो, त्यामुळे त्याचं बीज पुन्हापुन्हा विकत आणावं लागत नाही. रोहू बाजारात जातो आणि मोला थोडाथोडा काढून घरच्या कालवणात पडतो. घरच्या बाईला छोट्या जाळ्याने तो स्वतःच पकडता येतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

2021 साली थिल्स्टेड यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या आशियाई वंशाच्या त्या पहिल्या स्त्री. आज ओडिशात बचत गटांच्या बायका ग्रामपंचायतीच्या तळ्यांत मोला वाढवताना दिसतात.

आपल्याकडचा जवळाही सबंधच खाल्ला जातो, त्यामुळे त्यातलं कॅल्शियम पोटात जातं. बारकी मासळी उन्हात सुकवली, तरी हे क्षार टिकतात. जीवनसत्त्व अ मात्र उन्हाने बरंचसं नष्ट होतं. त्यासाठी मोला ताजाच खावा लागतो.