आयडाहोतील गांजाबंदी

अमेरिकेच्या वायव्येकडील आयडाहो राज्यात गांजा पिकवणे, विकणे आणि जवळ बाळगणे हे सगळे गुन्हेच आहेत. डॉक्टरने लिहून दिला तरी सुटका नाही. ही बंदी १९२७ सालची. शेजारच्या ओरेगनने १९७३ मध्ये थोडा गांजा सापडल्यास तुरुंगाऐवजी फक्त दंड ठेवला, आयडाहोने मात्र १९७१ च्या कायद्यात त्याला सर्वांत कडक वर्गात टाकले आणि तिथेच ठेवले.

शिक्षा वजनावर ठरते. ३ औंसांपर्यंत, म्हणजे साधारण ८५ ग्रॅम, माल सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद. त्याहून जास्त असल्यास गंभीर गुन्हा. एका पौंडापासून पुढे तस्करीचे कलम लागते आणि २५ पौंडांवर किमान पाच वर्षे ठरलेलीच. ती कमी करणे न्यायाधीशाच्याही हातात नसते. १९९० मध्ये संधिवाताने ग्रासलेल्या एका महिलेला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘दुसरा इलाज नव्हता’ हा बचाव मांडू दिला, पण औषधी वापराचा वेगळा हक्क मान्य केला नाही.

या कायद्याची खरी कसोटी लागली ती सीमेवर. वॉशिंग्टन (२०१२), ओरेगन (२०१४), नेवाडा (२०१६) आणि मॉन्टॅना (२०२०) या शेजाऱ्यांनी एकेक करत प्रौढांना मोकळीक दिली. स्नेक नदीपलीकडे, ओरेगनच्या हद्दीतले ऑन्टॅरिओ हे छोटे गाव राजधानी बॉइसीहून मोटारीने तासाभरावर आहे. तिथल्या दुकानांसमोर आयडाहोच्या नंबरप्लेटच्या गाड्या उभ्या असतात. दुकानातून कायदेशीर पावती घेऊन निघालेला माणूस पूल ओलांडला की आरोपी होतो.

हेम्पच्या ट्रकचे प्रकरण तर वाचताना अस्वस्थ करते. हेम्प हे गांजाचेच झाड, पण धागा, बी आणि तेलासाठी लावलेले. त्यात टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य नावापुरते असते. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने हेम्प कायदेशीर केला. पुढच्याच महिन्यात ओरेगनहून कोलोरॅडोकडे निघालेला सुमारे ६,७०० पौंडांचा हेम्प बॉइसीजवळ पोलिसांनी अडवला. आयडाहोच्या व्याख्येत टीएचसीचा अंशही चालत नव्हता, त्यामुळे हा सगळा माल गांजा ठरला. दुसऱ्याचा माल भाड्याने वाहणाऱ्या चालकावर तस्करीचा आरोप आला आणि पाच वर्षांची किमान शिक्षा त्याच्या डोक्यावर लटकू लागली. शेवटी किरकोळ गुन्ह्यावर प्रकरण मिटले. ज्याने काय भरले आहे हे लपवलेही नव्हते, त्याला या फेऱ्यातून जावे लागणे हा उघड अन्याय होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यपाल ब्रॅड लिटल यांनी आदेश काढून हेम्पची वाहतूक मोकळी केली. लागवडीला परवानगी २०२१ मध्ये मिळाली. पन्नास राज्यांत आयडाहो शेवटचे.

आजारी मुलांच्या बाबतीतही हात आखडताच राहिला. झटके येणाऱ्या मुलांना सीबीडी (गांजाच्याच झाडातले, नशा न आणणारे द्रव्य) तेल देता यावे म्हणून विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक २०१५ मध्ये राज्यपाल बुच ऑटर यांनी नाकारले. बदल्यात आदेश काढून २५ मुलांसाठी चाचणीतल्या औषधाची सोय केली. बाकीच्या आईबापांनी काय करायचे, याचे उत्तर त्या आदेशात नव्हते.

लोकांनी याचिकांचा, म्हणजे पुरेशा सह्या जमवून कायदा थेट मतदानाला नेण्याचा, मार्गही धरला. हेली शहरातील मतदारांनी २००७ मध्ये सवलतीच्या बाजूने कौल दिला, पण राज्याच्या कायद्यापुढे तो टिकला नाही. २०२४ पर्यंतच्या राज्यव्यापी औषधी गांजाच्या याचिका सह्या गोळा करतानाच अडल्या.

२०२५ मध्ये विधिमंडळ आणखी पुढे गेले. ३ औंसांपर्यंतच्या गांजासाठीही किमान ३०० डॉलर दंड सक्तीचा झाला. शिवाय एक घटनादुरुस्ती मंजूर करून ती नोव्हेंबर २०२६ च्या मतदानासाठी ठेवण्यात आली: गांजा कायदेशीर करण्याचा अधिकार फक्त विधिमंडळाकडे असावा, याचिकेतून तो मतदारांना वापरता येऊ नये. यावर होय की नाही, हे त्याच मतदारांना विचारले जाणार, असे त्या ठरावात आहे.