रीड एरर आली? चेकडिस्क नंतर, आधी कॉपी

"बॅकअप घेताना रीड एरर आली की चेकडिस्क मारा, डिस्क दुरुस्त होते." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यापायी लोकांचं काम बुडतं. रीड एरर म्हणजे डिस्कवरचं काही वाचता न येणं, आणि चेकडिस्क म्हणजे विंडोजची डिस्क तपासायची सोय.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यात जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) डिझाइन फायलींची कॉपी मध्येच अडकायची आणि 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असा मेसेज, म्हणजे रीड एररच, यायचा. मालक म्हणाले, "रात्रभर चेकडिस्क लावून ठेवू की ओ!" मी घाईने डिस्कची वायर काढली.

चेकडिस्क फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंद, सावरते; डिस्कच्या आतली झिजलेली प्लेट नाही. डेटा सेक्टर नावाच्या छोट्या कप्प्यांत असतो; खराब सेक्टर ती बाजूला टाकते. त्यातलं वाचता आलं नाही तर फाइल तेवढी तुटकी राहते. शिवाय मरायला टेकलेली डिस्क तासन्‌तास राबते.

एक सेक्टर म्हणजे जेमतेम ५१२ किंवा ४०९६ बाइट. बाकीचं बहुतेकदा शाबूत असतं. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामने दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर अख्ख्या डिस्कची कॉपी घ्या. ते सहज वाचता येणारं आधी उचलतं, अडलेल्या जागी नंतर परततं, आणि कुठवर काम झालं याची नोंद ठेवणाऱ्या मॅपफाइलमुळे मध्ये थांबलं तरी पुढून सुरू होतं. चेकडिस्क चालवायचीच तर त्या कॉपीवर.

डिस्क टकटक वाजत असेल, तर मात्र काहीच चालवू नका. लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.