लाकूड आधी, झाडं मग, मासे शेवटी

हिरवी टाकी लावू इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सोलापूर

दुकानात येणारं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो माशांचा. कोणते घेऊ, किती घेऊ, आजच नेऊ का? ड्रिफ्टवुड (टाकीत ठेवायचं वाळकं लाकूड) आणि पाणवनस्पतींची टाकी लावायची असेल, तर आमची विनंती आहे की हा क्रम उलटा करा. नव्या टाकीबरोबर त्याच दिवशी आम्ही मासे देत नाही. मुलं हट्ट करतात, आम्हालाही वाईट वाटतं, पण देत नाही. का देत नाही, ते पुढे येईलच.

टाकीला पाण्याखालच्या देखाव्याचं रूप देण्याच्या या कलेला ॲक्वास्केपिंग म्हणतात. तिची आज सर्वांत जास्त चालणारी पद्धत जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी रूढ केली. पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी ४० मीटर लांबीची टाकी मांडली. आपण दोन फुटांपासून सुरुवात करू.

लाकूड कोणतं घ्यावं

आमच्याकडे लाकूड किलोवर मिळतं. मलेशियन ड्रिफ्टवुड गडद आणि जड असतं, बहुतेक वेळा आपोआप बुडतं, मात्र रंग भरपूर सोडतं. स्पायडर वुड फिकट, बारीक वेड्यावाकड्या फांद्यांचं. दिसायला सर्वांत देखणं, पण सुरुवातीला हट्टाने तरंगतं. आफ्रिकेतलं मोपानी दुरंगी आणि फार जड असतं. आमचं मत विचाराल तर पहिल्या टाकीसाठी मलेशियन घ्या. तीन-चार छोट्या तुकड्यांपेक्षा एकच मोठा, वळणदार तुकडा चांगला. छोटे तुकडे टाकीत पडले की सरपण पसरल्यागत दिसतं.

शेतातलं लाकूड चालेल का, असं बरेच जण विचारतात. सगळं चालत नाही. द्राक्षबागेतली जुनी खोडं हा आपल्या जिल्ह्यातला खास मोह. वळणं खरंच सुंदर असतात. पण त्या वेलींवर वर्षानुवर्षं औषधं फवारलेली असतात, शिवाय हे लाकूड पाण्यात लवकर मऊ पडतं. ते आणू नका. कडुनिंब, निलगिरी, चीड असं उग्र वासाचं किंवा राळेचं लाकूडही नको. कडक जातीच्या झाडाची, मरून वर्ष-दोन वर्षं वाळलेली, साल सुटलेली आणि फवारणीपासून लांब राहिलेली मुळी असेल, तर ती घेऊन या, बघून सांगू. घरी दोन गोष्टी तपासता येतात. नख रुतलं तर लाकूड कुजलेलं आहे. खरवडल्यावर आत ओलसर हिरवट दिसलं तर ते अजून कच्चं आहे.

उकळणं आणि भिजवणं

लाकूड मोठ्या पातेल्यात तासभर उकळा, पाणी ओता, पुन्हा उकळा. स्वयंपाकाचं पातेलं घेऊ नका. आतून चढलेला तपकिरी डाग लवकर निघत नाही आणि मग घरात वेगळंच तापतं. लाकूड पातेल्यात मावत नसेल तर ड्रममध्ये वर दगड ठेवून बुडवा आणि दर दोन दिवसांनी पाणी बदला. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक तुकडे बुडतात. घाई म्हणून ॲसिड किंवा ब्लीच वापरू नका. लाकूड ते शोषून घेतं आणि नंतर टाकीत सोडत राहतं.

एवढं करूनही टाकीतलं पाणी बिनदुधाच्या चहासारखं दिसू लागेल. हे टॅनिन, म्हणजे लाकडातून उतरणारा तपकिरी रंग. माशांना त्याने अपाय होत नाही. उलट काही शौकीन देशी बदामाची वाळकी पानं टाकून हा रंग मुद्दाम आणतात. नको असेल तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवा आणि पाणी बदलत राहा. टॅनिनने पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) उतरतो, म्हणजे पाणी आम्ल होतं, असं तुम्ही ऐकलं असेल. मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, पाण्यात तो उतरतो, पण क्षाराच्या बोअरच्या पाण्यात फारसा हलत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत लाकडावर पांढरा, बुळबुळीत थर येतो. आम्हाला सर्वांत जास्त फोन येतात ते याबद्दल. लाकूड खराब निघालेलं नसतं. आतली साखर संपेपर्यंत बुरशी आणि जिवाणू वाढतात, नंतर आपोआप ओसरतात. जुन्या टूथब्रशने घासून पाणी बदललं तरी पुरे. पुढे कोळंबी आणि मोली मासे हा थर आवडीने खातात.

मांडणी

टाकी कोरडी असतानाच मांडणी करा. तळाची वाळू किंवा सॉइल (टाकीतल्या झाडांसाठीची तयार माती) पुढे दीड इंच, मागे चार इंच, असा चढ ठेवा. त्याने खोली भासते. मोठं लाकूड बरोबर मध्यभागी ठेवू नका. लांबीचे तीन भाग कल्पून एका भागाच्या रेषेवर ते उभं करा आणि सगळ्या फांद्यांचा रोख साधारण एकाच दिशेने राहू द्या. काचेपासून दोन बोटं अंतर सोडा, नाहीतर साफसफाईचा मॅग्नेट फिरणार नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि रात्रभर तशीच सोडा. सकाळी डोळ्यांना काहीतरी खटकतंच, ते बदला. पाणी भरल्यावर बदलणं म्हणजे सगळा गाळ वर.

तरंगणारं लाकूड टाइलच्या किंवा ग्रॅनाइटच्या तुकड्याला स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने बसवा. इथे एक गोष्ट जपा: शहाबादी फरशी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. घराच्या कामातले उरलेले तुकडे हाताशी असतात म्हणून टाकीत जातात आणि आधीच जड असलेलं पाणी आणखी जड करतात. संगमरवराची खडीही तशीच. आपला काळा बेसाल्ट निर्धोक आहे. नदीची वाळू आणली असेल तर धुऊन वाळवा आणि मूठभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला तर तिच्यात चुना आहे. शेतातली काळी माती तर नकोच, महिनाभर पाणी गढूळ राहील.

आपलं पाणी

नळाला उजनीचं, टाकळीचं किंवा हिप्परग्याचं पाणी येतं, तेही रोज नाही. एरवी ही तक्रार असते, टाकीवाल्यांची मात्र थोडी सोय होते. उघड्या हौदात एक-दोन दिवस राहिलेल्या पाण्यातला बराचसा क्लोरीन उडून गेलेला असतो. पाणी सुटलेल्या दिवशी ताजं भरलेलं पाणी मात्र अँटिक्लोरीनशिवाय (क्लोरीन घालवणाऱ्या औषधाशिवाय) घालू नका.

बोअरचं पाणी असेल तर त्यात अर्धं आरओचं मिसळा. आरओ मशीनच्या वेस्ट नळीचं पाणी वाया जातं म्हणून टाकीत ओतू नका. त्यात क्षार अधिकच दाटलेले असतात. नुसतं आरओचंही नको, कारण झाडांना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं.

झाडं

लाकडावर बांधायची झाडं वेगळी आणि वाळूत लावायची वेगळी. अनुबियास, जावा फर्न, बुसेफॅलँड्रा आणि जावा मॉस लाकडावर वाढतात. पहिल्या तिघांचं आडवं जाड खोड कधीही वाळूत पुरू नका, ते कुजतं. सुती दोऱ्याने बांधा. आपल्या गावात सुताला काय तोटा? दोरा कुजेपर्यंत मुळांनी लाकूड धरलेलं असतं. सुपरग्लूचा थेंबही चालतो, पाण्यात गेल्यावर तो घट्ट होतो.

वाळूत मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया लावा. जड पाणी तिला मानवतं. मध्ये क्रिप्टोकोरीन, हिच्या काही जाती कोकणातल्या आणि घाटातल्या ओढ्यांतही वाढतात. नव्या टाकीत तिची पानं विरघळून गेली तर उपटून फेकू नका, मुळापासून नवी पानं येतात. या झाडांना कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही. लाल झाडं आणि पुढचं हिरवं गालिच्यासारखं गवत हवं असेल तरच त्या खर्चात पडा, आणि तेही दुसऱ्या टाकीत.

दिवा सुरुवातीला रोज ६ तास, झाडं धरल्यावर ८ तास. टायमर लावा. दिवाणखाना छान दिसतो म्हणून रात्री अकरापर्यंत दिवा ठेवला की शेवाळ आलंच. टाकी खिडकीच्या थेट उन्हातही ठेवू नका.

मासे कधी

माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरा झाडांचं खत. हे जिवाणू फिल्टरमध्ये आणि वाळूत पुरेसे वसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्याआधी सोडलेले मासे बहुतेक पहिल्या पंधरवड्यातच मरतात. पाणी तपासल्यावर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की चार-पाच मासे न्या, बाकीचे नंतर. गप्पी, प्लॅटी आणि मोली आपल्या पाण्यात रमतात. झेब्रा डॅनियोही चिवट आहे. नियॉन टेट्राला मऊ, थोडं गार पाणी लागतं, म्हणून बोअरच्या पाण्यात आम्ही सुचवत नाही. गोल्डफिश झाडं खातो आणि फ्लॉवरहॉर्न उपटतो.

एप्रिल-मे

पारा चाळिशीपार गेला की टाकीचं पाणी ३२ अंशांच्या वर जातं, त्यातला प्राणवायू कमी होतो आणि झाडंही मलूल होतात. झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश सहज उतरतात. आपली हवा कोरडी असल्यामुळे हा उपाय मुंबईपेक्षा इथे जास्त लागू पडतो. पाणी आटेल ते आरओच्या पाण्याने भरा, कारण वाफ जाते आणि क्षार मागे राहतात. गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी थेट ओतू नका. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप घरात असू द्या.

दुकानात येताना

टाकी ठेवायच्या जागेचं माप आणि फोटो आणा. २ × १ × १ फुटांच्या टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावतं. काच, वाळू आणि लाकूड धरून वजन ७०–८० किलोंवर जातं, त्यामुळे टेबल हलकं नको. घरचं पाणी स्वच्छ बाटलीत एक लिटर आणा, तपासून देऊ. त्याचे पैसे नाहीत. मांडणी करून बघायला दुकानात एक कोरडी टाकी ठेवली आहे. रविवारी संध्याकाळी तिच्यापाशी गर्दी असते, म्हणून निवांत लाकूड निवडायचं असेल तर मधल्या वारी सकाळी या.