स्तोत्र १५०
हिब्रू बायबलमधील स्तोत्रसंहितेचे हे अखेरचे स्तोत्र असून, यहुदी आणि ख्रिस्ती या दोन्ही उपासनापरंपरांत देवाच्या निखळ स्तुतीचे स्तोत्र म्हणून ते गाइले जाते. संहितेत इतरत्र वारंवार भेटणारा विलाप, याचना किंवा पापाची कबुली यांचा त्याच्या सहा वचनांत मागमूसही नाही. आरंभीच्या आणि अखेरच्या ‘हालेलूया’च्या (परमेश्वराचे स्तवन करा) दरम्यान स्तवनाची आज्ञा दहा वेळा येते.

स्तुती कोठे व कशासाठी करावी हे पहिल्या दोन वचनांत सांगून कवी वाद्यांकडे वळतो आणि तेथेच रमतो. शिंगाचे शोफार, नेवेल व किन्नोर ही तंतुवाद्ये, डफ आणि नृत्य, आणखी तारांची वाद्ये, बासरीच्या जातीचे उगाव आणि शेवटी झांजा, त्याही दोन प्रकारच्या, असा नाद चढत जातो. तो टिपेला पोहोचल्यावर सहाव्या वचनात मात्र एकही वाद्य उरत नाही; श्वास घेणाऱ्या प्रत्येकाने परमेश्वराचे स्तवन करावे, एवढेच तेथे म्हटले आहे.

वाद्यांची एवढी मोठी यादी देणारे हे स्तोत्र उपासनेत शतकानुशतके बहुतांशी केवळ कंठातूनच गाइले गेले, ही त्याच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट होय. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यावर तेथील वाद्यसंगीत थांबले. सनातनी सिनेगॉगांत (यहुदी प्रार्थनामंदिरांत) शब्बाथ म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी व सणांच्या दिवशी आजही वाद्ये वाजवत नाहीत. यहुदी नववर्षाला वाजवले जाणारे शोफार हा अपवाद, आणि त्या दिवशीच्या शोफारविषयक प्रार्थनेत हे स्तोत्र म्हटले जाते. एरवी ते रोजच्या सकाळच्या प्रार्थनेत असते व शेवटचे वचन दोनदा म्हणतात. मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्रायल या यहुदी समाजाच्या हिब्रू प्रार्थनेतही ते आहे.

ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टीन याने ही सारी वाद्ये म्हणजे भाविक स्वतःच, असा अर्थ लावला. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हे स्तोत्र प्रामुख्याने मानवी आवाजातच गातात. रोमन परंपरेत पहाटेच्या उपासनेत १४८ ते १५० ही स्तोत्रे रोज सलग म्हणण्याची प्राचीन प्रथा होती. पोप दहावे पायस यांच्या १९११ च्या उपासनासुधारणेने ती मोडली.

वाद्यवृंदासह या स्तोत्राला भव्य रूप दिले ते युरोपीय संगीतकारांनी. सेझार फ्रांक (१८८३) आणि आन्टोन ब्रुकनर (१८९२) यांच्या रचना उत्सवी आहेत. इगोर स्ट्राविन्स्कीने ‘सिम्फनी ऑफ साम्स’ (१९३०) या कृतीच्या तिसऱ्या भागात हेच स्तोत्र घेतले, पण वाद्यवृंदातून व्हायोलिन, व्हायोला व क्लॅरिनेट वगळून स्तुतीला संयत, गंभीर सूर दिला. बेंजामिन ब्रिटनने १९६२ मध्ये शाळकरी मुलांसाठी ते रचले आणि शाळेत उपलब्ध असतील त्या वाद्यांवर ते वाजवण्याची मोकळीक ठेवली.