टेप दुखणं थोपवते, गुडघा सावरते मांडी

मुंबईत गुडघा पहिल्यांदा तक्रार करतो ती बहुधा जिना उतरताना. रेल्वेचा पूल असो की लिफ्ट नसलेली चार मजली इमारत, उतरताना अख्ख्या शरीराचं वजन मांडीच्या पुढच्या स्नायूला झेलून हळूहळू खाली सोडावं लागतं. तो कमजोर असेल तर प्रत्येक पायरीला सांध्याला दणका बसतो. मग एक्स-रे निघतो, ‘गॅप (दोन हाडांमधली जागा) कमी झाली आहे’ असं कानावर पडतं आणि माणूस गुडघा जपायचा म्हणून चालणंच सोडतो. खरं नुकसान तिथून सुरू होतं.

सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आतबाहेर खेळता राहतो तो दाब पडल्याने आणि सुटल्याने. म्हणजे हालचाल थांबली की पोषण मंदावतं, वर मांडीही सुकत जाते. कूर्चेत मज्जातंतूही नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर आणि भोवतालच्या ऊती. म्हणूनच एक्स-रे वाईट दिसूनही मजेत चालणारे लोक असतात आणि एक्स-रे बरा असूनही कण्हणारेही असतात.

उपचार म्हणजे व्यायाम. पण दुखत असताना व्यायाम होत नाही, आणि गुडघ्यावर चिकटवायच्या टेपचा खरा उपयोग इथेच आहे. टेपने गुडघ्याच्या वाटीला योग्य दिशेने ओढून धरणारी ही पद्धत जेनी मॅककॉनेल या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टने १९८०च्या दशकात रूढ केली. २००३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताचे ८७ जण होते. तीन आठवडे नीट टेप लावलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना आराम पडला. ताण न देता नुसतीच टेप चिकटवलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना बरं वाटलं, टेप न लावलेल्यांपैकी दहातल्या एकाला. त्वचेला होणारा स्पर्श आणि मनातली अपेक्षा यांचाही वाटा त्यात असणार हे उघड आहे, पण दिशा साधली की फायदा जास्त, हेही तितकंच स्पष्ट आहे.

पहिल्यांदा टेप फिजिओथेरपिस्टकडूनच लावून घ्या, कारण ओढ कुठे द्यायची ते प्रत्येक गुडघ्यागणिक बदलतं. नेहमीची रीत अशी: त्वचा कोरडी हवी, तेल किंवा पावडर नको, केस आदल्या दिवशी कापलेले असावेत. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवायची आणि मांडी सैल सोडायची. आधी त्वचेला जपणारी पांढरी मऊ टेप, तिच्यावर न ताणली जाणारी कडक टेप. ती वाटीच्या बाहेरच्या कडेवर चिकटवून वाटी अंगठ्याने आतल्या बाजूला सरकवायची, गुडघ्याच्या आतल्या बाजूची त्वचा दुसऱ्या हाताने वाटीकडे गोळा करायची आणि टेप तिथे आणून बसवायची. त्वचेला बारीक सुरकुत्या पडल्या तर ओढ बसली असं समजा. लगेच एक पायरी चढून-उतरून पाहा. दुखणं निम्म्याने तरी कमी व्हायला हवं. झालं नाही तर टेप काढून दिशा बदलायची.

पावसाळ्यात घामाने टेपची कड सुटते आणि खाली खाज येते. खाज किंवा जळजळ झाली की काढून टाका, ओरबाडू मात्र नका. खोबरेल तेल लावून, त्वचा दाबून धरून, सावकाश सोलत काढा. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी आणि पातळ, चटकन सोलवटणाऱ्या त्वचेच्या ज्येष्ठांनी घरी प्रयोग करू नयेत.

आता व्यायाम. पाय लांब करून बसा, गुडघ्याखालची टॉवेलची गुंडाळी ५ सेकंद खाली दाबा, सोडा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. वाटीच्या वर, आतल्या बाजूला बोटं ठेवा. तिथला स्नायू कडक लागला पाहिजे. मग उताणं झोपून, दुसरा गुडघा दुमडून, दुखरा पाय सरळ ठेवून वीतभर उचला. उचलताना गुडघा किंचित वाकत असेल तर मांडी अजून तयार नाही; परत गुंडाळीवर या. पाय सहज उचलला जाऊ लागला की घोट्याला अर्धा किलो तांदळाची कापडी पिशवी बांधा. श्वास रोखू नका.

सगळ्यात मोलाचा व्यायाम म्हणजे खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. खुर्ची साधारण १८ इंच उंच. जड गेलं तर वर उशी ठेवा. उठा नेहमीसारखं, बसा मात्र तीन आकडे मोजत, कारण जिना उतरण्याची ताकद त्या सावकाश बसण्यातून येते. ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. गुडघे आत झुकत असतील तर कंबरेचे बाजूचे स्नायू कमी पडताहेत. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलण्याचा व्यायाम जोडा.

व्यायाम करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखणं चालतं. दुसऱ्या सकाळी गुडघा सुजला किंवा जास्त दुखला तर आकडा निम्मा करा, व्यायाम बंद करू नका. फरक कळायला ८ ते १२ आठवडे लागतात, आणि बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच सोडून देतात. रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय मोडा. त्याने गुडघा वाकलेलाच राहतो आणि पुढे पुरता सरळ होत नाही. वजन जास्त असेल तर एक किलो उतरला की दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार हलका होतो.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. गुडघा अचानक लाल-गरम होऊन ताप आला, मध्येच अडकू लागला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर टेप आणि व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.